सरकारी कागदाची भीती आणि महात्मा जोतीराव फुले



महात्मा फुले यांचा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. मुलींची पहिली शाळा, सावित्रीबाई, सत्यशोधक समाज हे मुद्दे मुलांना पाठ असतात. पण जोतीरावांच्या आयुष्याचा एक धागा आपल्या पाठात फारसा येत नाही. तो म्हणजे सरकारी कचेरी आणि सामान्य माणूस यांचं नातं. हा धागा मला का आठवला, ते आधी सांगते.

मागच्या जून महिन्यात आमच्या शाळेत एक आई आल्या. हातात घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद होता. त्या कागदासाठी त्यांनी एका कार्यालयात तीन खेटे घातले होते. प्रत्येक वेळी कागद अपुरा आहे एवढंच त्यांना सांगितलं गेलं. काय अपुरं आहे ते कोणी सांगितलं नाही, आणि यांना विचारायची हिंमत झाली नाही. मी कागद वाचला. खाली एका ओळीवर अर्जदाराची सही राहिली होती, बस्स. त्या एका सहीसाठी तीन दिवसांची मजुरी बुडाली होती. मला त्या कार्यालयाचा राग आला. पण घरी जाताना आठवलं, की त्याच आठवड्यात एका आजोबांना दाखल्यासाठी मीच उद्या या म्हणून सांगितलं होतं. रजिस्टर कपाटात होतं, कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, फक्त मला घाई होती. म्हणजे त्या आजोबांसाठी मीसुद्धा कचेरीच होते!

त्या रात्री मी जोतीरावांचं 'शेतकऱ्याचा असूड' पुन्हा काढून वाचलं, आणि त्यांचं चरित्र मला वेगळ्याच बाजूने दिसायला लागलं. तेच आज थोडक्यात मांडते.

शाळा सुटली आणि पुन्हा सुरू झाली

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. पुढे पुण्यात पेशव्यांकडे फुलं पुरवण्याचं काम मिळालं आणि फुले हे आडनाव रूढ झालं. आई चिमणाबाई जोतीराव अगदी लहान असतानाच वारल्या. वडील गोविंदराव आणि सगुणाबाईंनी त्यांना वाढवलं. मुलगा शाळेत जायला लागला, पण ओळखीच्या एका कारकुनाच्या सांगण्यावरून वडिलांनी त्याला शाळेतून काढलं. माळ्याच्या पोराने शिकून काय करायचं, असा तो काळ होता. जोतीराव शेतात काम करू लागले. मुलाची हुशारी पाहून शेजारचे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. एका कारकुनाच्या शब्दाने शाळा सुटली आणि दोन शेजाऱ्यांच्या शब्दाने परत मिळाली. ज्यांच्या घरात शिक्षण नव्हतं, त्यांचं आयुष्य असं दुसऱ्याच्या शब्दावर हलायचं. हे जोतीरावांनी स्वतः भोगलं होतं.

१८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढचं आपल्याला माहीत आहे. लोकांचा रोष, घर सोडावं लागणं, सावित्रीबाईंनी केलेलं शिक्षिकेचं काम. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. शाळांना दक्षिणा फंडातून मदतही मिळाली. म्हणजे सरकार त्यांच्यासाठी नुसतंच परकं किंवा दुष्ट नव्हतं. चांगलं काम करणारे अधिकारी त्यांनी जवळून पाहिले होते. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्यांनी सरकारी कारभारावर जे आसूड ओढले ते कोणी दारातून हाकलून दिल्याच्या रागातून नव्हते.

पहिला अनुभव : नाटकाचा

१८५५ मध्ये जोतीरावांनी 'तृतीय रत्न' नावाचं नाटक लिहिलं. एका गरीब कुणब्याला आणि त्याच्या गरोदर बायकोला एक जोशी ग्रहांची भीती घालून कसा लुबाडतो, ही त्याची गोष्ट. शेवटी नवरा-बायको दोघंही जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीने ते नाकारलं. जोतीरावांनी पुढे लिहून ठेवलं, की कमिटीतल्या युरोपियन सभासदांचं ब्राह्मण सभासदांपुढे काही चाललं नाही. कमिटी सरकारी, पण निर्णय नेमका कुणाच्या हातात, हे त्यांना तेव्हाच दिसलं. वरचा साहेब चांगला असून भागत नाही. साहेबापर्यंत कागद कुणाच्या हातून जातो, तिथे खरी सत्ता असते. हा धडा त्यांनी आयुष्यभर विसरला नाही.

कंत्राटदार जोतीराव

आपण मुलांना सांगायला विसरतो, की जोतीराव हे व्यावसायिकही होते. शेती होती, आणि सरकारी बांधकामांची कंत्राटंही ते घ्यायचे. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा संबंध आला. त्यामुळे बांधकाम खात्याचा कारभार त्यांनी आतून पाहिला. बिलं कशी फिरतात, मजुरांची लुबाडणूक कशी होते, कोण कुठे हात ओले करतो, हे त्यांना ऐकून नव्हे तर पाहून माहीत होतं. १८६९ मध्ये आलेल्या 'ब्राह्मणांचे कसब' या पुस्तकात त्यांनी गावच्या कुळकर्ण्यावर आणि इंजिनिअर खात्यावर पवाडे लिहिले. त्याच वर्षी विद्याखात्यातल्या पंतोजींवरही एक पवाडा लिहिला. म्हणजे आपलं खातंही सुटलं नाही बरं का!

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. त्या काळी लिहिण्या-वाचण्याचं काम जवळजवळ सगळं ब्राह्मण समाजाच्या हातात होतं, म्हणून कुळकर्णी, कारकून, मामलेदार, पंतोजी बहुतेक त्याच जातीचे. जोतीराव ते नाव घेऊन, कडक भाषेत बोलले. आज वर्गात शिकवताना आपण ते लपवू नये आणि त्याचा उपयोग आजच्या मुलांमध्ये भिंत उभी करायलाही करू नये. त्यांचं म्हणणं असं होतं, की लेखणी एकाच समाजाच्या हातात राहिली की बाकीच्यांचं जगणं त्या लेखणीच्या मर्जीवर जातं. हे कुठल्याही काळाला लागू पडतं.

लोकांनी कागद जाळले

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. याला आपण दख्खनचे दंगे म्हणतो. अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर कापसाचे भाव पडले होते, शेतसारा वाढला होता, कर्ज डोक्याबाहेर गेलं होतं. या दंग्यांत जमावाचा मुख्य रोख होता कागदांवर. गहाणखतं, कर्जरोखे, वह्या लोकांनी शोधून शोधून जाळल्या.

याचा विचार केला की अंगावर काटा येतो. ज्या कागदावर आपण अंगठा दिला, त्यात काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही. तो कागद कोर्टात गेला की कोर्ट कागदाचं ऐकतं, आपलं नाही. मग माणूस काय करणार? तो कागदच जाळणार. सरकारने चौकशी केली, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. कायद्याचा काही उपयोग झालाही. पण अंगठा तसाच राहिला.

असूड कुणावर?

जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केलं. छापायच्या आधी ते गावोगाव लोकांना वाचून दाखवलं. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशा ठिकाणी. सुरुवातीची प्रकरणं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधू'त आली, पण पुढची छापायला लोखंडेही कचरले. पूर्ण पुस्तक जोतीरावांच्या हयातीत छापून झालं नाही. त्याची प्रत मात्र त्यांनी थेट गव्हर्नर जनरलकडे आणि सयाजीराव गायकवाडांकडे पाठवली.

या पुस्तकात एका साध्या भांडणाची गोष्ट आहे. दोन शेतकऱ्यांचा किरकोळ वाद होतो. गावचा कुळकर्णी दोघांनाही चढवतो. अर्ज लिहिला जातो. मग कचेरीतला कारकून, मामलेदार, वरची कचेरी, कोर्ट, साक्षीदार, वकील. प्रत्येक पायरीवर काहीतरी द्यावं लागतं. शेवटी दोघंही कर्जात बुडतात, आणि ज्या बांधावरून भांडण झालं तो बांध राहतो बाजूला. गावाकडे राहिलेल्या कुणालाही ही गोष्ट नवी वाटणार नाही.

पण जोतीराव नुसत्या कारकुनाला शिव्या देऊन थांबत नाहीत. गोऱ्या अधिकाऱ्यांवरही ते तेवढेच चिडतात. हे साहेब ऐषआरामात राहतात, रयतेची भाषा नीट शिकत नाहीत, शेतात फिरत नाहीत, हाताखालच्याने पुढे केलेल्या कागदावर सही करतात. त्यामुळे खालचा कारकूनच खरा राजा होतो. रस्ते आणि शाळांसाठी शेतसाऱ्यावर लोकल फंड घेतला जातो, पण फंड देणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला शाळा मिळते का, असा त्यांचा प्रश्न होता.

आणि शेवटच्या भागात ते उपाय सांगतात. तळी, बंधारे बांधा. जनावरांची पैदास सुधारा. शेतीची प्रदर्शनं भरवा. कालव्याच्या पाण्याबद्दल त्यांची सूचना तर मला फारच आवडते. पाणीपट्टी घेता तर प्रत्येकाच्या जमिनीला पुरेल इतकं पाणी मोजून द्या, त्यासाठी तोट्या बसवा. म्हणजे पाणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर नको, मापावर हवं. मर्जी जाऊन माप यावं, हीच त्यांची सगळ्या कारभाराकडून अपेक्षा होती.

नगरपालिकेतला एकटा आवाज

१८७६ पासून काही वर्षं जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. टीका करणारा माणूस खुर्चीवर बसल्यावर कसा वागतो, हे पाहायला हवं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं मत होतं. ठराव मंजूर झाला, ते एकटे पडले. पुण्यात दारूची दुकानं वाढत होती, त्याविरुद्धही त्यांनी नगरपालिकेला लेखी कळवलं.

यातून एक गोष्ट कळते. सरकारी कारभार वाईट आहे, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून ते बाजूला बसले नाहीत. आत गेले, बोलले, लिहून दिलं. हरले तेव्हाही नोंद राहील असं वागले.

हंटर आयोगापुढे : मास्तरांचं काम

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. शिक्षणाची पाहणी करायला सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आयोगाला लेखी निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, पण खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य आक्षेप. प्राथमिक शिक्षण किमान १२ वर्षांपर्यंत सक्तीचं करा, ही मागणी. अभ्यासक्रमात त्यांनी काय मागितलं ते बघा. बालबोध आणि मोडी वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीची आणि आरोग्याची माहिती. मोडी कशासाठी? कारण तेव्हाचं गावचं दप्तर, सावकाराची वही, खतं सगळं मोडीत असायचं. मुलाला नुसती छापील पुस्तकं वाचता आली तर बापाच्या नावावर काय लिहिलंय ते कसं कळणार?

शाळांच्या तपासणीबद्दलही ते स्पष्ट होते. वर्षातून एकदा अधिकारी येऊन जातो, त्याने काही होत नाही. निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि न कळवता यावं, अशी त्यांची सूचना. (हे वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या येतील, माझ्याही आल्या!) पण शिक्षकांचा पगार वाढवा, प्रशिक्षित शिक्षक नेमा, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे मांडलं.

आणि एक सूचना तर मी तीन वेळा वाचली. गावच्या मास्तरांकडे दुसरंही काही काम द्यावं, म्हणजे गावात त्यांचा मान वाढेल. कोणतं काम? कुळकर्ण्याचे हिशेब तपासण्याचं, दस्त नोंदवण्याचं, टपालाचं किंवा स्टॅम्प विकण्याचं. आता तुम्ही म्हणाल, आधीच आपल्याकडे अशैक्षणिक कामं काय कमी आहेत? खरं आहे. सर्वेक्षणं, याद्या, ऑनलाइन माहिती भरता भरता शिकवायला वेळ उरत नाही, हे आपण सगळे रोज अनुभवतो. जोतीरावांची सूचना जशीच्या तशी आज लागू करा असं मी म्हणत नाही. पण त्यामागचा विचार वेगळा होता. गावाच्या कागदावर गावाच्या बाजूने नजर ठेवणारा एक माणूस हवा, आणि तो माणूस मास्तर असावा. आपली आजची पुष्कळ कामं कचेरीसाठी कागद भरायची आहेत. जोतीरावांना अपेक्षित होतं लोकांसाठी कागद वाचणं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शेतकऱ्याच्या वेशात

१८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. सगळे पाहुणे दागदागिने, उंची कपडे घालून आले. जोतीराव गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात. तिथे त्यांनी सांगितलं, की इथे जमलेल्या श्रीमंतांवरून देशाची कल्पना करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, तिला शिक्षण द्या हे राणीला कळवा. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे जुलैमध्ये पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म' पुरं केलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या विचारांचं बी पुढे उगवलं. १९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुळकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. वंशपरंपरेने एका घरात अडकलेलं गावाचं दप्तर मोकळं झालं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचं पाऊलही शाहू महाराजांनी त्याच सुमारास टाकलं होतं. या दोन गोष्टी एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत, ते आता वेगळं सांगायला नको.

आपण काय घ्यायचं?

सरकारी कामाबद्दल आपल्या बोलण्यात तीन सूर असतात. एक भीतीचा, साहेब रागावतील. दुसरा लाचारीचा, साहेबांची कृपा झाली. तिसरा चिडीचा, सगळे चोर आहेत, तिथे काही होत नाही. मुलं घरी हेच तीन सूर ऐकतात. जोतीरावांनी चौथा सूर दाखवला. कागद वाचा, नियम समजून घ्या, प्रश्न विचारा, लिहून द्या, आणि संधी मिळाली तर खुर्चीवर बसून नीट काम करा. आज आपल्या हातात माहितीचा अधिकार कायदा २००५ आहे, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. कुठली सेवा किती दिवसांत मिळाली पाहिजे याची मुदत ठरलेली आहे. म्हणजे मर्जीच्या जागी माप आलं आहे. पण ते माप आहे हे माहीतच नसेल, तर त्या आईंचे खेटे थांबणार नाहीत.

चौथी-पाचवीच्या वर्गात मी या वर्षी काही छोटे उपक्रम घेतले. तुम्हीही घेऊन पाहा.

१. घरचं वीजबिल किंवा पाणीपट्टीची पावती आणून वाचणे. नाव, तारीख, रक्कम, शेवटची मुदत शोधणे.
२. खरा अर्ज लिहिणे. आमच्या मुलांनी शाळेजवळच्या बंद दिव्याबद्दल ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला, आणि पोच घ्यायला शिकली.
३. कोरा फॉर्म भरणे, आणि सही करण्याआधी पूर्ण वाचणे हा नियम पाळणे.
४. ग्रामपंचायत किंवा पोस्टात भेट. तिथल्या कर्मचाऱ्यांना मुलांनीच प्रश्न विचारायचे. तेही आपल्यासारखीच माणसं आहेत, त्यांच्याही अडचणी असतात, हे मुलांना कळतं.
५. पालकसभेत दहा मिनिटं फक्त कागदांसाठी. कुणाला काही वाचून हवं असेल तर वाचून द्यायचं.

पालकांनाही एक विनंती. मुलांसमोर कागदाला घाबरू नका. समजलं नाही तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, त्या आजोबांना दुसऱ्या दिवशी दाखला दिला आणि उद्या या म्हटल्याबद्दल माफी मागितली. ते हसले. म्हणाले काही नाही. पण तेव्हापासून कपाटाची किल्ली मी टेबलाच्या वरच्याच खणात ठेवते.